बारा फुटांवरची विहीर

हे लिहिणार नव्हतो. दोनदा बसलो आणि दोनदा उठून गेलो. दोन्ही वेळेला असं झालं की चार ओळी लिहिल्या आणि बघतो तर सगळा दोष शेठवर, पावसावर, नशिबावर. माझं नाव कुठेच नाही. म्हणून आता जसं झालं तसंच लिहितो.

काशिरामशेठने पाणी तोंडात घेतलं आणि गिळलं नाही.

गुणामावशीच्या नव्या कोब्यावर आम्ही तिघं उभे होतो. गुणामावशी, तिचा मुलगा कमळाकर, आणि मी. शेठ एकटाच खुर्चीवर बसला होता. खुर्ची शेजारच्या रंभाकडून मागून आणली होती. शेठचे गाल फुगलेले, डोळे आमच्याकडे. मला वाटलं उचकी लागली असेल. तो उठला, ओट्यावरून खाली उतरला, शेवग्याच्या बुंध्याशी गेला आणि थुंकला. मग तांब्या नाकाशी धरला.

"हे विहिरीचं?"

"विहिरीचंच," गुणामावशी म्हणाली. "आमी नळाचं देत व्हतो. तुमीच म्हणालात विहिरीचं द्या."

शेठने तांब्या ओट्यावर ठेवला. स्वतः विहिरीवर गेला, रहाटावरची दोरी सोडली, पोहरा ओढून काढला. ओंजळीत पाणी घेऊन परत हुंगलं. ओंजळ सोडून दिली आणि हात धोतराला पुसले. पांढऱ्या धोतराला. 

हे त्रेसष्ट सालच्या आषाढातलं. पण गोष्ट सुरू झाली चैत्रात.

कमळाकर माझा दोस्त. तो पनवेलच्या कोळीवाड्यातला, मी बेलपाड्याचा आगरी. तो खाडीत छोटी होडी घालायचा, मी गवंडीकाम करायचो. करंजाचा दाजी तांडेल म्हातारा झाला होता आणि त्याने आपला मचवा, समुद्रावर जाणारी मोठी होडी, विकायला काढला होता. मच्छीमार सोसायटी इंजिन देत होती, पण ज्याच्या नावावर मचवा असेल त्यालाच. दाजी कमळाकरला म्हणाला होता, "नारळी पौर्णिमेपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो. पुढं नाय." कमळाकरचा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी म्हणून राबला आणि तसाच गेला. कमळाकरला ते नको होतं. त्याच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, हे घर. राहायला करंजाला मामाचं घर होतं. मायलेकरांनी ठरवलं, घर द्यायचं, मचवा घ्यायचा.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, वर कौलं, मागे परसू आणि परसात आज्याने खणलेली विहीर.

गिऱ्हाईक आलं ते जासईचं. काशिरामशेठ. मिठागरांचा मालक, बोटात दोन अंगठ्या, हातात छत्री. आला त्या दिवशी मी तिथेच होतो. त्याने घर बघितलं आणि नावं ठेवायला सुरुवात केली.

"जमीन शेणाची? आठ-आठ दिवसांनी सारवायला बाई कुठून आणू मी?"

मग आतल्या खोलीत डोकावला.

"केवढा काळोख! दिवसा कंदील लावता काय तुम्ही?"

मग परसात गेला, इकडे तिकडे बघितलं.

"आणि संडास?"

कमळाकरने खाडीकडे हात केला.

"अहो, मग माझ्या बायकोनं काय भरती-ओहोटीचं पंचांग घेऊन जायचं?"

सगळे हसलो. गुणामावशी पण हसली. मग त्याने पाणी मागितलं. गुणामावशीने विहिरीचं दिलं, तेव्हा दुसरं होतंच कुठे. शेठ एक तांब्या प्यायला, दुसरा मागितला, तोही प्यायला. "उन्हातून आलो," म्हणाला. साडेचार हजार देईन म्हणाला. गुणामावशी म्हणाली सहा. शेठने मान हलवली.

"घरात आहे काय सहा हजारांचं? बघू. आता मीठ उचलायचे दिवस आहेत. आषाढात येतो."

तो गेल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. कमळाकर बोटं मोजायला लागला. जमीन, काळोख, संडास. तीन बोटं.

"तीनच गोष्टी हायत धर्मा. ह्या तीन नसत्या तर त्याला बोलायला जागा व्हती काय?"

मी म्हणालो, "तीनही मी करून देतो."

हे मीच म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं.

माझं गवंडीकाम म्हणजे कुणाकडे शिकलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग पाट्या वाहिल्या. रेल्वेच्या नव्या क्वार्टर्स बांधत होते तिथे दीड वर्षं होतो. गवंडी काय करतो ते बघायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची थापी घेऊन भिंतीच्या मागे करून बघायचं. मुकादमाने दोनदा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा काम दिलं. कोबा तिथे शिकलो. खिडकीची चौकट बसवायला तिथे शिकलो. आणि संडास. टोपलीचे नव्हे, नव्या तऱ्हेचे. चिनी मातीचं भांडं, पाईप, मागे कोरड्या दगडांनी बांधलेला खड्डा, पाणी जमिनीत मुरणार, भंग्याला बोलवायची गरज नाही. असे बावीस संडास माझ्या डोळ्यांसमोर झाले. प्रत्येक खड्डा घराच्या मागच्या भिंतीपासून बारा फूट. मी टेप धरायचो, मला पाठ होतं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. कमळाकरने होडी विकली. गव्हाणच्या एका माणसाने घेतली. त्यातून सिमेंटच्या गोण्या, खिडकीचं लाकूड, संडासाचं भांडं आणि पाईप आले. मजुरी मी अर्धीच घेतली. पण घेतली.

वैशाखात काम केलं. आधी खिडकी. भिंत फोडली आणि आतल्या खोलीत ऊन आलं तेव्हा गुणामावशी दारातच थांबली. "एवढी जळमटं व्हती व्हय माझ्या घरात?" म्हणाली आणि लगेच झाडू घेऊन आली. मग कोबा. लाल रंग टाकून घोटला, चार दिवस पाणी मारलं. वाड्यातल्या बायका येऊन पावलाने चाचपून बघायच्या.

मग संडास. मी परसात भिंतीपासून टेप धरला, बारा फूट मोजले आणि चुन्याची फक्की टाकून गोल आखला.

कमळाकर बघत होता. म्हणाला, "विहिरीच्या जवळ नाय ना व्हत?"

विहीर त्या गोलापासून आणखी बारा फुटांवर होती. घराच्या उलट्या बाजूला. आणि परसाला उतार होता, विहिरीकडे.

"विहिरीच्या खाली, खाडीकडं घेऊ का?" तो म्हणाला.

"खाडीकडे भरतीचं पाणी खड्ड्यात शिरेल," मी म्हणालो. "मग सगळं उलटं घरात येईल. आणि चार पाईप जास्त लागतील. बारा फूट म्हणजे बारा फूट. सरकारी माप आहे."

सरकारी माप. असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला दुसरं माप येतच नव्हतं. क्वार्टर्सवर पाणी टाकीतून यायचं. तिथे एक विहीर नव्हती. हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ढकललं असेल, आता आठवत नाही. पण टेप हातात होता आणि दोस्त ऐकत होता, आणि 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

खड्डा खणताना वर दोन फूट माती आणि खाली मुरूम लागला. मुरूम लागल्यावर मी खूश झालो. पाणी पटकन मुरणार.

संडास झाला तेव्हा अख्खा कोळीवाडा बघायला आला. शेजारची रंभा दार उघडून भांड्यात वाकून बघत म्हणाली, "गुणे, एवढं पांढरं ताट? ह्याच्यात तर मी जेवेन."

"जेव की. मीठ-मसाला पाठवते."

"आणि दार लावून आत बसायचं? बोलायला कोण नाय? मी नाय बाई. आमी खाडीवर चार जणी जातो, गावाच्या चार गोष्टी व्हतात."

पण आठ दिवसांत रंभा पण यायला लागली. मग तिची सून. मग समोरचे. गुणामावशी कुणाला नाही म्हणत नव्हती. "जाऊ दे," म्हणायची, "आमी थोडेच राहणार हाव."

त्याच महिन्यात कोपऱ्यावर नळ आला. सकाळी एक तास पाणी. बायका तासभर आधी कळशा लावायच्या. नळाचं पाणी प्यायचं म्हणजे काहीतरी मोठं वाटायचं तेव्हा. विहीर धुण्याभांड्याला राहिली. रंभा मात्र रांगेत उभी राहायला कंटाळायची, ती आपली विहिरीचंच न्यायची.

जूनमध्ये पाऊस लागला. विहिरीचं पाणी काठाखाली तीन हातांवर आलं.

आणि मग शेठ.

शेठने हात पुसले आणि घराच्या मागे वळला. आम्ही मागे. त्याने संडास बघितला. मग खड्ड्यावरच्या फरशीवर उभा राहिला आणि तिथून विहिरीकडे चालत निघाला. पावलापुढे पाऊल टाकत, टाचेला अंगठा लावून. छत्री काखेत. विहिरीच्या काठाला येऊन थांबला. किती पावलं मोजली ते त्याने सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती.

"हा खड्डा केव्हा केला?"

"वैशाखात," कमळाकर म्हणाला. "शेठ, तुमीच म्हणालात ना संडास नाय म्हणून. आता बघा, कोबा केलाय, खिडकी..."

"मी संडासाला काय करू?"

शेठ ओरडला नाही. हळू बोलला. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"बर्फाचा कारखाना काढतोय मी," तो म्हणाला. "मासळीच्या लॉऱ्यांना बर्फ लागतो. मुंबईहून आणतात, अर्धा वाटेत वितळतो. पनवेलात चौदा विहिरी चाखल्या मी. चौदा. सगळ्या मचूळ. खाडीला लागून आहेत, होणारच मचूळ. एवढी एकच गोड निघाली. तुमच्या आज्याला कुठली झीर लागली देव जाणे."

"आणि घर?" गुणामावशीने विचारलं.

"घर पहिल्या दिवशी पाडणार होतो."

 कमळाकरने मान वळवून खिडकीकडे बघितलं. मी बसवलेली खिडकी. तिची झडप उघडी होती आणि आतला लाल कोबा दिसत होता.

"मग तवाच का नाय बोललात?" कमळाकर म्हणाला. "विहीर पायजे म्हणून बोलला असतात तर..."

"तर तुम्ही दहा हजार सांगितले असते. नसते सांगितले?" शेठने विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "मी आज सातपर्यंत जायच्या तयारीने आलो होतो. बयाणा खिशात आहे. खोटं नाही सांगत."

त्याने खिशावर हात ठेवला. दाखवले नाहीत. पण हात ठेवला तिथे खिसा फुगलेला होता.

कुंपणापलीकडून रंभा ऐकत होती. तिच्या कडेवर नातू. पोराला पंधरा दिवस जुलाब होत होते, पार सुकून गेला होता. आम्ही सगळे म्हणत होतो, पावसाळा आहे, व्हायचंच.

"हे पाणी..." रंभा म्हणाली आणि पुढे बोललीच नाही. पोराला छातीशी घट्ट धरून घरात गेली. आत मडकं फुटल्याचा आवाज आला. पडलं नव्हतं, फोडलं होतं.

शेठने कमळाकरकडे बघितलं.

"विहिरीच्या डोक्यावर खड्डा! कुणी आखला हा? कोण गाढव गवंडी होता?"

मी तिथे उभा होतो. शेठला माहीत नव्हतं मी कोण. त्याला वाटत असेल शेजारचा कोणी. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं पण असेल.

"गवंड्याचा दोष नाय," कमळाकर म्हणाला. "मी सांगितलं त्याला. इथंच घाल म्हणून. पाईप वाचवले."

"पाईप वाचवले," शेठ म्हणाला. त्याने छत्री उघडली. पाऊस नव्हता तरी उघडली. आणि गेला.

मी बोललो नाही. तेव्हा नाही, शेठ कोपऱ्यावर वळेपर्यंत नाही, त्यानंतर कमळाकर ओट्यावर बसला आणि गुणामावशी आत जाऊन खुर्ची पुसायला लागली, तेव्हाही नाही. खुर्ची रंभाला परत द्यायची होती. ती बराच वेळ पुसत होती.

दाजी तांडेलने नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं आणि थांबला. दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. विहीर नासल्याची बातमी अख्ख्या पनवेलात पसरली होती. रंभाचा नातू हळूहळू उठला, हे एक बरं झालं. पण रंभा आमच्याशी बोलत नव्हती. वाड्यातली माणसं त्या घरावरून जाताना विहिरीकडे बघायचीच नाहीत.

शेठ गेल्यावर चार दिवसांनी मी बाजारात गेलो. गुणामावशी टोपली घेऊन बसली होती. पावसाळ्यात समुद्राची मासळी नसते, खाडीच्या निवट्या होत्या. ओल्या पोत्याखाली जिवंत, वळवळत. तिच्यासमोर एक पांढरपेशा बाई उभी होती.

"केवढ्याशा आहेत गं! आणि कालच्या वाटतात."

"कालच्या असत्या तर अशा उड्या मारल्या असत्या?"

"आणि चिखल किती. अर्धं वजन चिखलाचंच."

"बरं मग, चिखल वेगळा देते, निवट्या वेगळ्या. निवट्या तेवढ्याच पैशांत."

"दे अर्ध्या," बाई म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

ती गेल्यावर गुणामावशीने हात पोत्याला पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"बघितलास?" म्हणाली. "चाळीस वरसं हेच करते मी. नावं ठेवतो तो घेणार. गोड बोलतो तो पुढच्या टोपलीवर जाणार. हे मला कुणी शिकवायला नको. निवट्या बारीक म्हणाली म्हणून मी कधी घरी जाऊन मोठ्या घेऊन आले का रे?"

मी टोपलीतल्या निवट्या बघत राहिलो.

"आणि शेठनं नावं ठेवली तर मी जमीन खोदली, भिंत फोडली, पोराची होडी इकली. घर म्हणजे मासळी नाय, असं वाटलं मला. घराचं गिऱ्हाईक मोठं माणूस. मोठं माणूस खरं बोलत असेल."

ती हसली. मला त्या हसण्याकडे बघवलं नाही.

मी म्हणालो, "मावशी, खड्डा मी आखला. कमळाकर खाडीकडे घे म्हणत होता. मीच नको म्हणालो. तो खोटं बोलला."

"माहीत हाय."

"कसं?"

"तू फक्की टाकलीस तेव्हा मी भांडी घासत व्हते. तिथंच, विहिरीवर. सगळं ऐकलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने टोपलीतलं पोतं उचलून झटकलं. चिखलाचे शिंतोडे माझ्या पायावर उडाले.

"मला वाटलं नाय व्हय की जवळ हाय? पाणी आमचंच ना? पण तुझ्या हातात तो टेप व्हता. आकड्यांचा. तू असा वाकून बघत व्हतास की मी म्हटलं, हा शिकलाय. आपल्याला काय कळतंय."

मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सगळ्यांना सांगतो," मी म्हणालो. "आत्ता जाऊन सांगतो."

"पोरानं चार माणसांत अंगावर घेतलंय," ती म्हणाली. "तुझा धंदा आता कुठं लागलाय म्हणून घेतलंय. ते मी कसं खोटं पाडू? तू काय ते त्याच्याशी बोल. जा आता, गिऱ्हाईक येतंय."

मी त्याच दिवशी पहार घेऊन गेलो. संडास पाडला. भांडं फुटलं, ते खाडीत टाकलं. खड्डा उपसायला पैसे देऊनही कोणी आलं नाही, म्हणून मीच उतरलो. तीन दिवस लागले. मग चुना टाकला, वर मुरूम, वर माती, कुटून बंद केला. विहीर कमळाकर आणि मी मिळून उपसली. दिवसभर उपसायची, सकाळी बघावं तर परत भरलेली. तिसऱ्या वेळेला पाण्याला वास नव्हता. पण आम्ही दोघांनीही ते तोंडात घेतलं नाही. दोघांनीही एकमेकांना घे म्हटलं नाही.

नारळी पौर्णिमेला दाजीने मचवा मोरा बंदरातल्या एका माणसाला दिला. सोसायटीने त्यालाच इंजिन दिलं. त्याला खलाशी हवे होते. कमळाकरने हो म्हटलं.

तो निघाला त्या सकाळी मी बंदरावर गेलो. भरती चढत होती. करंजाकडे जाणारी होडी लागली होती, माणसं बसत होती. कमळाकरच्या हातात एक गाठोडं होतं.

"त्याच मचव्यावर?" मी विचारलं.

"त्याच. मचवा चांगला हाय." तो होडीकडे बघत होता. "बसायला तर मिळेल."

मी काही तरी बोलायला गेलो. त्याने हाताने थांबवलं.

"बोलू नको. ते जाऊ दे. आई एकटी हाय, बघत जा. आणि विहीर."

"पावसाळा संपला की परत उपसतो. दोनदा. गाळ पण काढतो."

"गाळ काढशील. पाणी गोड पण व्हईल एखादवेळेस." तो थांबला. "पण पिणार कोण? वाड्यातली बाई त्या विहिरीवर कपडे धुवायला येत नाय. शेठ परत कशाला येईल? कुणी पितच नसेल तर कारखाना काय, बर्फ काय. आपण बोंबलून सांगितलं साफ झालं, तरी आपलं कोण ऐकणार?"

होडीवाल्याने हाक मारली. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढत होती, कमळाकरने तिला हात दिला आणि परत माझ्याकडे आला.

"मी पितो," मी म्हणालो.

"काय?"

"दिवाळीला तू येशील ना? तेव्हा विहिरीवर सगळ्यांना बोलवायचं. रंभाला पण. शेठला मी जासईला जाऊन सांगतो. आणि सगळ्यांसमोर पहिला तांब्या मी प्यायचा."

तो हसला नाही. "तू प्यालास तर त्यांना काय? तू माझा दोस्त. म्हणतील, दोस्तासाठी पितोय."

"दोस्त म्हणून नाही पिणार. पिण्याआधी सांगणार, खड्डा मी आखला. सरकारी माप म्हणून थाप मारली. मला ते माप माहीत नव्हतं. ज्याने घाण केली तोच पहिल्यांदा पितोय म्हटल्यावर बाकीचे विचार करतील की नाही?"

"तुला मग काम कोण देईल?"

"नाही दिलं तर नाही. तसंही आता भीतीने कुणाचं संडासाचं काम घेत नाही मी. दोन आले होते. पाठवले परत."

 होडीवाल्याने दुसरी हाक मारली, शिवी घालून. कमळाकरने गाठोडं खांद्यावर टाकलं, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात गेल्यावर वळला.

"आईला पण पाजायचंस," तो म्हणाला. "तुझ्यानंतर. दुसरा तांब्या तिला."

"मी प्यायल्यावर तीन दिवस थांबायचं. मला काही झालं नाही तरच तिला."

"दिवाळीला?"

"दिवाळीला," मी म्हणालो. "शब्द देतो कमळ्या. पहिला माझा. सगळ्यांसमोर."